धुळ्याहून सातपुड्यातल्या तोरणमाळला बाइकने पहिल्यांदा निघताय, तर

भाऊ, एप्रिल-मे सोडा. त्या दिवसांत खान्देशात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघा, तेही फटफटताना. चाकांतली हवा घरूनच, टायर थंड असताना तपासा. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, म्हणून वाटेत हवा काढू नका.

धुळे, दोंडाईचा, शहादा. शहाद्याला टाकी काठोकाठ भरा, पुढे सातपुड्यात पंपाच्या भरवशावर राहू नका. हिवाळ्यात या पट्ट्यात ऊस-कापसाचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागचा दिवाच नसतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, यात हयगय नको.

काळ्या मातीचं मात्र खास सांगतो. अवकाळी पाऊस झाला की शेतातून रस्त्यावर आलेला चिखल लोण्यासारखा निसरडा होतो. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, गिअर उतरवून हळू काढा. कच्च्या वाटेवर तर ही माती मडगार्डमध्ये भरून चाकच जाम करते. माझं झालं होतं; काडीने माती उकरण्यात तास गेला.

घाट चढण्याआधी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत खा, पण पोटभर नको, झोप येते.