पणजीचं काळं कुंकू

प्रश्न : मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते. ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या पणजीचं तैलचित्र करून हवंय. फोटो 1930च्या सुमाराचा, घरच्या लग्नातला, वाड्याच्या अंगणात काढलेला. त्यात पणजीचा चेहरा जेमतेम नखाएवढा. लुगडं काळं, कुंकू काळं, वर्णही काळासावळा दिसतो; घरचे मात्र ती गोरी होती म्हणतात. शिवाय त्यांना ती जरा हसरी हवी आहे. काय करू?

उत्तर : वर्णाच्या बाबतीत घरच्यांचं ऐका. त्या काळी फोटोवाल्यांकडे बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा, म्हणजे फोटो उमटवायच्या काचा, असत. त्यांना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये खुशाल लाल दिवा लावून काम चालायचं. जे जे लाल ते फोटोत काळं उतरायचं, आणि निळं पांढुरकं. आपल्या कातडीत लाली असते, तेव्हा माणूस मुळापेक्षा सावळा यायचा, ओठ तर फारच गडद. कुंकू काळं दिसतंय ते यामुळेच. ते लालच रंगवा, आणि त्या काळी मेणावर कुंकू लावत, त्यामुळे त्याची कड रेखीव असते, हेही लक्षात ठेवा.

लुगड्याचंही तेच. काळी चंद्रकळा असेलही, पण लग्नघरातलं लुगडं लाल किंवा डाळिंबी असण्याचा संभव मला जास्त वाटतो. घरात जुनी ट्रंक उघडायला सांगा. गोधड्या बघा. जुनी लुगडी शेवटी गोधडीतच जायची, आणि अस्तराच्या आतल्या घडीत मूळ रंग टिकलेला सापडतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून काम सुरू करू नका. मूळ फोटो मागून घ्या आणि 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) स्कॅन करा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मात्र नखाएवढा चेहरा कितीही मोठा केला तरी त्यात नवीन काही उगवत नाही, नुसते दाणे मोठे होतात. ते दाणे म्हणजे सुरकुत्या नव्हेत. डोळे किलकिले करून पाहा : भुवईखालची सावली, नाकाची सावली, खालच्या ओठाखालचा गडद पट्टा. साम्य या तीन-चार आकारांत आणि त्यांच्यामधल्या अंतरात असतं. अंगणात उजेड वरून येतो, डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात. त्या तशाच ठेवा. अंदाजाने बुबुळात पांढरा ठिपका दिलात की चेहरा दुसऱ्याच कुणाचा होतो. चेहरा खऱ्या मापाहून लहानच धरा. 15 बाय 20 इंचाचा कॅनव्हास पुरे.

वर्णासाठी घरातली पणजीच्या चेहऱ्यामोहऱ्याची एखादी नात किंवा पणती तशाच अंगणातल्या उजेडात बसवा. तिचं नाक-तोंड काढायचं नाही, फक्त कानशिलाचा, गालाचा, मानेच्या सावलीतला रंग टिपून घ्यायचा.

हसण्याचं मात्र स्पष्ट नाही म्हणा. माणूस हसतो तेव्हा नुसते ओठ हलत नाहीत. गाल वर चढतात, खालची पापणी दाबली जाते, नाकपुड्या पसरतात. पणजीचे गाल कसे चढायचे हे फोटोत नाही, मग तुम्ही ते कुठून आणणार? न हसणारी त्यांची पणजी भिंतीवर लावणं हे हसणारी परकी बाई लावण्यापेक्षा शतपटीने बरं. हे त्यांना शांतपणे समजावा. ऐकतात लोक.

रंग लावण्याआधी कोळशाचं रेखाटन दाखवा, पण सगळ्या कुटुंबाला एकदम नको. दहा जण दहा नाकं सांगतील. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेलं जे कुणी हयात असेल, त्या एकाच माणसाला दाखवा आणि सुचवलेला बदल तिथेच करून टाका. रंगानंतर बदल मागितले तर त्याचे पैसे वेगळे, हे आगाऊ रक्कम घेतानाच लिहून द्या.