ऊसतोड मजुरांना लाखभर रुपये उचल आधीच मिळते, तरी ते गरीबच का राहतात?

उचल म्हणजे त्यांचीच पुढच्या पाच-सहा महिन्यांची मजुरी, फक्त आधी हातात पडलेली. मी बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप तोडीला जातात. तुम्ही ज्या लाखाबद्दल विचारता, त्याचा हिशोब आधी बघू.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांची बैठक होऊन तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण 366 रुपये झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. चांगल्या फडात (उसाच्या शेतात) एक कोयता, म्हणजे एक जोडी, दिवसभरात दोन टन ऊस तोडतो, पाचट काढतो, मोळ्या बांधतो आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरतो. म्हणजे 732 रुपये, तेही दोघांचे मिळून. सलग 150 दिवस असं काम झालं तर 1,09,800. एवढीच जर उचल असेल, तर ती फिटायला अख्खा हंगाम एकही दिवस वाया जाऊन चालत नाही. आणि दिवस तर वाया जातातच. अवकाळी पाऊस येतो, गाडी रात्री उशिरा लागते, मूल तापाने फणफणतं. कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते, वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. मीठ-मिरचीसाठी मुकादमाकडून, म्हणजे उचल देऊन टोळी बांधणाऱ्या माणसाकडून, खर्ची घ्यावी लागते, तीही अंगावर चढते. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं ठरलेलंच.

यात बाईचं काय होतं, ते मला सगळ्यात जास्त टोचतं. कोयत्यात ती अर्धी आहे, पण उचल घेतो नवरा आणि वहीत नाव त्याचंच. पहाटे उठून भाकरी थापून ती फडात जाते, परत येऊन पाणी, चूल, पोरं तिच्याकडेच. कोपीजवळ (राहायच्या झोपडीजवळ) ना संडास, ना आंघोळीला आडोसा. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला की दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि गर्भपिशवी काढली जाते. त्याचा खर्चही पुन्हा उचलीतूनच. 2019 मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीच्या कितीतरी बाया आहेत.

सगळा दोष मुकादमावर टाकून मोकळं होता येत नाही. तोही वाहतूकदाराकडून, कधी सावकाराकडून पैसे उचलून टोळी बांधतो. मजूर उचल घेऊन आला नाही तर त्याचीही जमीन जाते, आणि त्यातून मजुरांना डांबून ठेवण्यापर्यंत प्रकार घडतात. खरा फायदा होतो कारखान्याचा. त्याचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी, त्यामुळे फडात राबणारा माणूस कागदावर त्याचा कामगारच नसतो. मग भविष्य निर्वाह निधी नाही, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची यावर वाद. आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला बांधून ठेवण्याविरुद्ध 1976 पासून वेठबिगारीविरोधी कायदा आहे. तो ऊसतोडीला लावण्याची हिंमत क्वचितच कुणी दाखवतं.

‘मग जातात कशाला?’ असंही तुमच्या मनात येईल. वंजारी, बंजारा, दलित, भिल्ल अशा समाजांतली ही माणसं. कुणाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू, कुणाकडे तेवढंही नाही. पोरीचं लग्न ठरलं की रोख लाखभर रुपये बँक देत नाही, मुकादम देतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. वसतिगृह जिथे नीट चालतं तिथे मुलं शाळेत टिकतात, हे मी पाहिलंय. पण माझ्या मते पहिली मागणी वेगळी असायला हवी: कारखान्याने प्रत्येक मजुराची, बाईचीसुद्धा, स्वतंत्र नोंद करावी आणि तिची मजुरी तिच्या खात्यात भरावी. वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची नोंद होतेच, त्यामुळे कुठल्या टोळीने किती टन तोडले हे कारखान्याला आजही माहीत असतं.