केफिरचे दाणे बुळबुळीत झालेत, दूध बारा तासांत पाणी सोडतंय. दाणे धुवावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: केफिर, म्हणजे दाणे घालून आंबवलेलं दह्यासारखं दूध, करायला कुणीतरी दिलेल्या दोन चमचे दाण्यांची दोन महिन्यांत पाऊण वाटी झाली. तुम्ही ते सगळेच्या सगळे रोज त्याच अर्ध्या लिटर दुधात घालत राहिलात. आता बारा तासांच्या आत खाली पिवळसर पाणी आणि वर पांढरा गोळा होतो, चव तोंड वाकडं करणारी आंबट, आणि दाणे हाताला बुळबुळीत लागतात. ते नळाखाली धुवावेत का, आणि पंधरा दिवस बाहेरगावी जायचंय तेव्हा त्यांचं काय करायचं?

धुऊ नका. हे आधी सांगतो, कारण मी ती चूक केलेली आहे. पहिल्या वर्षी मलाही तो बुळबुळीतपणा म्हणजे घाण वाटली. आठवडाभर रोज दाणे नळाखाली चोळून धुतले. दूध घट्ट व्हायला दोन-दोन दिवस लागू लागले, वास बदलला आणि दाणे वाढायचे थांबले. धुणं बंद केल्यावर ते पूर्वपदावर यायला जवळजवळ तीन आठवडे गेले.

तो बुळबुळीत थर म्हणजे केफिरान, एक प्रकारची बहुशर्करा. दाण्यातलेच जिवाणू ती तयार करतात. दाणा म्हणजे बी नव्हे, धान्य तर नव्हेच. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि यीस्ट यांनी केफिरान आणि दुधातली प्रथिनं मिळून बांधलेलं ते घर आहे. आपण ते घासून काढतो तेव्हा घराच्या भिंती आणि भिंतीवर राहणारे जीव दोन्ही वाहून जातात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तो घाव वेगळाच. निरोगी दाणा जरासा निसरडा असतोच. चिमटीत हलकेच दाबून बघा. स्पंजासारखा दबून परत फुगला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसतोय, रंग पांढरा किंवा हस्तिदंती आहे, तर त्याला काही झालेलं नाही. बोटांत पिठासारखा विरघळत असेल तरच काळजी करायची.

तुमची खरी अडचण दाण्यांच्या प्रमाणात आहे. पाऊण वाटी दाणे अंदाजे १०० ग्रॅम धरले तर पाच भाग दुधाला एक भाग दाणे झाले. घरी वीस ते पन्नास भाग दुधाला एक भाग दाणे पुरतात. म्हणजे अर्ध्या लिटरला १० ते २५ ग्रॅम, एक मोठा चमचा भरून. तुमच्या बरणीत त्याच्या कितीतरी पट तोंडं जेवायला बसली आहेत आणि पानात वाढलंय तेवढंच.

मग होतं काय, तर जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढत वाढत सामू (pH, आम्ल वाढलं की उतरणारा आकडा) ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं आणि दूध घट्ट होतं. इथं थांबलो तर केफिर मऊ, ओतता येण्याजोगं मिळतं. तुमच्याकडे हा टप्पा सहा-सात तासांतच येऊन जात असणार, बहुधा तुम्ही झोपेत असताना. त्यानंतर आम्ल आणखी वाढतं, गोळा आक्रसतो आणि पाणी बाहेर टाकतो. सकाळी तुम्हाला दिसतं ते हेच. असं एखाद्या दिवशी झालं तर बिघडत नाही, हलवून प्या. पण रोज असं झालं की दाणे दिवसातले कित्येक तास तीव्र आंबट पाण्यात उपाशी पडून राहतात आणि हळूहळू थकतात.

उन्हाळा असेल तर याला आणखी वेग येतो. केफिरला २० ते २५ अंश सेल्सिअस मानवतं. त्या तापमानात नेमक्या प्रमाणाचं दूध १८ ते २४ तासांत तयार होतं. खोली तिशीच्या पुढे गेली की मी दाणे निम्मे करतो आणि बरणी पाणी भरलेल्या पातेल्यात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवतो. थंडीत उलट: दाणे थोडे जास्त किंवा वेळ जास्त. दह्याच्या सवयीनं काही जण कोमट दुधात दाणे सोडून बरणी उबेत गुंडाळून ठेवतात. विरजणाला ऊब हवी असते, केफिरला नको. दूध उकळून पूर्ण गार झाल्यावरच त्यात दाणे टाका. गरम दुधात ते मरतात, आणि मेलेला दाणा दिसायला जिवंत दाण्यासारखाच असतो, म्हणून ही चूक चार दिवसांनी कळते.

आज करायचं ते असं. दाणे प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या गाळणीत घ्या. त्यातले घट्ट, तुरेदार असे एक चमचाभर निवडा, फार मोठे नकोत. स्वच्छ काचेच्या बरणीत अर्धा लिटर गार दूध, त्यात हे दाणे, वर फडकं किंवा सैल झाकण. झाकण आवळून लावू नका. यीस्ट कर्बवायू सोडत असतं आणि बंद काचेत तो साठला तर बरणी फुटू शकते. बारा तासांनी पहिल्यांदा बघा, मग दर तीन-चार तासांनी.

घड्याळापेक्षा बरणीकडे बघायला शिका, माझ्या मते या सगळ्या प्रकरणात एवढंच खरं कौशल्य आहे. बरणी अलगद कलती करा. दूध काचेवरून पाण्यासारखं पळत असेल तर वेळ आहे. एकसंध होऊन कडेपासून सुटत असेल तर झालं. तळाशी किंवा दाण्यांच्या आजूबाजूला पाण्याचे पहिले छोटे कप्पे दिसले की गाळायची शेवटची घंटा समजा. गाळताना दाणे चमच्यानं रगडू नका, गाळणी हलक्या हातानं हलवा. गाळून निघालेले दाणे तसेच, अंगाला लागलेल्या केफिरसकट, ताज्या दुधात. ते केफिर नव्या दुधाला सुरुवातीचं आम्ल देतं आणि दुसऱ्या जिवाणूंना पाय रोवू देत नाही. धुवायची ती बरणी, दर खेपेला, आणि साबण नीट निघेपर्यंत.

पहिल्या दोन-तीन खेपा चवीला विचित्र लागतील, यीस्टचा वास जास्त येईल. तेवढ्यानं प्रमाण पुन्हा बदलू नका. वस्तीतला तोल बसायला चार-पाच दिवस द्या.

आता उरलेल्या पाऊण वाटीचं काय? मला वाटतं बहुतेकांचं केफिर इथंच बिघडतं. इतके दिवस जपलेली जिवंत गोष्ट टाकवत नाही, म्हणून सगळे दाणे बरणीत राहतात आणि त्या मायेपायीच दमतात. माझ्याकडे प्रमाण बरोबर असताना दाणे दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होतात, म्हणजे महिन्यात एकदा तरी वाटणी करावीच लागते. जास्तीचे दाणे खाता येतात. फळांबरोबर मिक्सरमधून काढले तर कळतही नाहीत. ओळखीत कुणाला हवे असतील तर दूध घालून द्या. आणि थोडे वाळवून ठेवा, त्याबद्दल खाली लिहितो. कॉकेशसच्या डोंगराळ भागात, जिथून केफिर आलं, तिथं ते कातड्याच्या पिशवीत करायचे. तयार झालेलं काढून घ्यायचे आणि त्यात ताजं दूध ओतत राहायचे. दाण्यांना सतत नवं दूध मिळत राहील, ही काळजी त्या पद्धतीतच होती. आपल्याला ती आठवणीनं घ्यावी लागते.

दुधाबद्दल दोन शब्द. गायीचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंही चालतं. पिशवीतलं पाश्चराइज्ड किंवा बरेच दिवस टिकणारं खोक्यातलंही. म्हशीच्या दुधाची जाड साय मात्र काढून टाका, ती दाण्यांना चिकटून त्यांच्यावर पिवळट लेप चढवते आणि मग लोकांना वाटतं दाणे आजारी आहेत. कच्चं, न तापवलेलं दूध मी वापरत नाही. त्यातले जीव दाण्यांशी झगडतात, आणि त्यात रोगजंतू असतील तर आंबवण्यानं ते मरतीलच असं नाही. सोयाचं किंवा बदामाचं दूध एखाद्या वेळी आंबेल, पण त्यात लॅक्टोज नाही, त्यावर दाणे जगत नाहीत. तसं प्यायचंच असेल तर वापरलेले दाणे पुन्हा जनावराच्या दुधात विसावू द्या.

भांड्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की धातू लागला की दाणे मरतात. स्टेनलेस स्टीलची गाळणी आणि चमचा खुशाल वापरा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांना आम्ल लागू देऊ नका.

पंधरा दिवसांच्या गैरहजेरीला फ्रिज पुरतो. निघायच्या दिवशी चमचाभर दाणे अर्धा ते पाऊण लिटर ताज्या दुधात घाला, बरणीत वर दोन-तीन बोटं जागा सोडा, झाकण सैल ठेवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत ते झोपत नाहीत, अगदी सावकाश जेवत राहतात, म्हणून दूध भरपूर हवं. परत आल्यावर ते दूध फार आंबट असेल तर टाका, दाणे गाळून कमी दुधात, पाव लिटरमध्ये, सुरू करा आणि रोज दूध बदला. दोन-चार खेपांत मूळ वेग येतो.

शिवाय एक विम्याची सोय करून ठेवा. चार-पाच तुरे उकळून गार केलेल्या पाण्यात विसळा, स्वच्छ कापडानं टिपा आणि वाऱ्याशीर जागी, उन्हात नव्हे, कागदावर पसरून वर जाळीदार कापड घाला. तीन-पाच दिवसांत ते पिवळसर आणि खड्यासारखे कडक होतात. हवाबंद डबीत थोड्या दूधपावडरीत घालून फ्रिजमध्ये ठेवले की कित्येक महिने टिकतात. विसळण्याला अर्थ आहे तो फक्त इथं, कारण अंगावर राहिलेलं दूध वाळताना खवट होतं. जागे करायला थोड्या दुधात घालून रोज दूध बदलायचं, आठवडाभर. पहिल्या काही दिवसांचं दूध प्यायचं नाही.

टाकून कधी द्यायचे, हे कळलं पाहिजे. गुलाबी, नारिंगी, हिरवा किंवा काळा डाग, केसाळ बुरशी, कुजका वास: यांतलं काहीही दिसलं तर दूध आणि दाणे दोन्ही टाका, वाचवायच्या भानगडीत पडू नका. वर नुसता पातळ, पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा आणि यीस्टचा वास असेल तर तो बहुधा यीस्टचाच थर असतो. तो काढा, प्रमाण आणि तापमान तपासा. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घरात कुणी घेत असेल तर त्यांना केफिर देण्याआधी डॉक्टरांना विचारा. केफिरमध्ये थोडं अल्कोहोल तयार होतं आणि सगळं लॅक्टोज संपत नाही, हेही ज्यांना चालत नाही त्यांना सांगा.

आठवड्यानंतरही दूध असंच पाणी सोडत राहिलं तर खाली लिहा, आणि लिहिताना तीन गोष्टी जरूर द्या: किती ग्रॅम दाणे, कुठलं दूध, आणि रात्री बरणी जिथं असते तिथलं तापमान.