आंब्याची फांदी कोणी उतरवायची?

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग भागात आमचा बंगला आहे. आवारात वडिलांनी लावलेला रायवळ आंबा आणि एक कडुनिंब. आंब्याची मांडीएवढी फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर गेली आहे आणि निंबाचा शेंडा मीटरकडे येणाऱ्या सर्व्हिस वायरला घासतो. शेजारी म्हणतात, पावसाच्या आत काढा, नाहीतर आम्ही काढू. एक जण छाटणीचे साडेसात हजार मागतो. दुसरा म्हणतो, लाकूड मला द्या, मजुरी नको. मुलाचं म्हणणं, बॅटरीवरची करवत मागवू आणि रविवारी आपणच उरकू. स्वतः छाटायला कायद्याची आडकाठी आहे का? आणि माणूस लावला नि तो पडला, तर जबाबदारी कोणाची? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर :

सर, करवत मुलाच्या हातात द्यायची की गड्याच्या, हे ठरवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात एक अर्ज टाका. झाड आपल्या आवारात, आपल्या बापानं लावलेलं, तर त्यावर आपला पूर्ण हक्क, असं सगळ्यांनाच वाटतं. परवानगी लागते ती झाड तोडायला, फांद्या छाटायला नाही, हाही एक पक्का समज आहे. महाराष्ट्राच्या शहरी भागांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा लागू आहे, आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे एवढं सगळं येतं. वाळक्या काटक्या मोडल्या म्हणून कोणी दारात येणार नाही. मांडीएवढ्या हिरव्या फांदीचं तसं नाही. शेजाऱ्यांशी बिनसलेलं असताना तर नाहीच, कारण तक्रार करणारा भिंतीपलीकडेच राहतो. शिक्षेत दंडही आहे आणि कैदही, आणि दर झाडामागे गुन्हा वेगळा धरला जातो.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे करा. घरपट्टीची पावती जोडा, झाडांचे फोटो जोडा, आणि फोटोवर कोणती फांदी कुठून काढायची ते लाल पेनानं दाखवा. कारणात ‘अडचण होते’ असं मोघम लिहू नका. ‘फांदी शेजारील शेडवर टेकली आहे, वादळात मोडण्याची शक्यता आहे’ असं लिहा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वडिलांनी आंबा कोणत्या साली लावला ते घरात विचारून ठेवा. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाचं झाड ‘वारसा वृक्ष’ मानलं जातं, त्याची छाननी कडक असते. हे पत्र वाचणाऱ्या कोणाचं घर शहराच्या हद्दीबाहेर असेल, तर त्यांच्याकडे 1964 चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा पाहावा लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही त्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत.

आता शेजाऱ्यांची धमकी. हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापायचा हक्क त्यांना आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हे 1894 मध्येच सांगितलं, आणि आपल्याकडेही सर्वसाधारणपणे हेच तत्त्व धरतात. मात्र त्यासाठी तुमच्या आवारात पाऊल टाकायचा, भिंतीवर चढून बुंध्यापासून कापायचा हक्क त्यांना मिळत नाही, आणि परवानगीचा कायदा त्यांनाही चुकत नाही. तुमच्या अर्जाची एक प्रत त्यांना द्या. ‘पावसाच्या आत काढतो, अर्ज केलाय’ एवढं कागदावर गेलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

निंबाच्या शेंड्याला मुलानं हात लावायचा नाही आणि साडेसात हजारवाल्यानंही नाही. ओला निंब, ॲल्युमिनियमची शिडी आणि वायर हे एकत्र आले की काय होतं ते तुम्ही शाळेत शिकवलं असेल. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 68 नुसार तारेला अडथळा करणारं झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या किंवा नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या आदेशानं काढता येतं. तार येण्याआधीपासून झाड उभं असेल, तर त्याची भरपाई मागायची सोयही त्याच कलमात आहे. तुमचं काम एवढ्या थराला जाणार नाही. 1912 या वीज-हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. मान्सूनपूर्व देखभालीत वायरमन लाइन बंद करून शेंडा उतरवतात. वायरमनला परस्पर दोनशे रुपये देऊन ‘जरा बघ’ म्हणू नका. लाइन बंद नसताना तो चढला आणि काही झालं, तर तुमचे ते दोनशे रुपयेच तुमच्याविरुद्ध बोलतील.

लाकडाच्या बदल्यात फुकट छाटणारा सगळ्यांत महाग पडतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलानं असाच माणूस लावला. बोलणं दोन फांद्यांचं झालं होतं. अशील बँकेत जाऊन दोन तासांनी परत आले, तर चिंचेचा नुसता खांब उरलेला आणि टेम्पो भरून निघालेला. त्याची मजुरीच लाकूड होती, मग तो बारीक फांद्या कशाला कापेल? नोटीस आली ती झाडाच्या मालकाला. टेम्पोवाल्याचा फोन तेव्हापासून बंद. ‘मी सांगितलं नव्हतं’ हे सिद्ध करायला त्यांच्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता.

माणूस पडला तर काय, हा तुमचा खरा प्रश्न. यात दोन-तीन कायदे एकमेकांत गुंतले आहेत. पहिला फौजदारी. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, शिक्षा पाच वर्षांपर्यंत (जुन्या दंडसंहितेच्या कलम 304-अ मध्ये ती दोन वर्षं होती). गंभीर दुखापत झाली तर कलम 125. दोर नाही, पट्टा नाही, पाऊस पडतोय आणि तुम्ही खालून ‘अजून जरा वर’ म्हणताय, हे पोलिसांना निष्काळजीपणा म्हणून दाखवता येतं.

दुसरा भरपाईचा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून तात्पुरत्या कामावरचा माणूस पूर्वी वगळला जाई. 2000 च्या दुरुस्तीनं ती सूट गेली, आणि झाडं तोडणं हे काम त्या कायद्याच्या अनुसूचीत होतंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. घरच्या आवारात एक दिवसाचा गडी लावणारा मालक या व्याख्यांत बसतो का, यावर मी तुमच्या बाजूनं चांगला वाद घालू शकेन. पण दाव्याचा आकडा आधी पाहा. जुन्या कायद्याच्या सूत्रात मृत्यूला महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98, मजुरीची कमाल मर्यादा 15,000. गुणाकार केलात तर 15,59,850 रुपये. हा वाद जिंकलो तरी साध्या दिवाणी दाव्याची वाट मोकळीच राहते.

मग काहीच करायचं नाही, असंही म्हणता येत नाही. दिल्लीत 1964 मध्ये स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसावर कडुनिंबाची फांदी पडून तो गेला. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीलादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये पालिकेला जबाबदार धरलं, कारण झाडांची वेळोवेळी पाहणी करणं हे तिचं काम होतं. तुमच्या फांदीबद्दल तर शेजाऱ्यांनी आधीच बजावलं आहे. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नाही.

माझ्या मते असं करा. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढं मुलाला सिकेटरनं करू द्या, रविवार सत्कारणी लागेल. बॅटरीची करवत शिडीवर चढवू नका. मुलगा पडला तर दावा कोणावर करणार? निंब महावितरणकडे. आंब्याची फांदी परवानगी हातात आल्यावर साडेसात हजारवाल्याकडे, आणि एकपानी करारावर : कोणत्या फांद्या (गेरूनं खूण करून), मजुरी किती, दोर आणि पट्टा त्याचा, त्याच्या गड्यांची जबाबदारी त्याची, फांदी दोर बांधून तुकड्या-तुकड्यानं उतरवायची, शेडचे पत्रे फुटले तर तो बदलून देणार, लाकूड तुमचं. खाली दोघांच्या सह्या, आधार कार्डाची झेरॉक्स. असा करार केल्यानं तुमची जबाबदारी पूर्ण पुसली जात नाही. धोक्याच्या कामात न्यायालय मालकाकडे पाहतंच. पण ‘सगळी सोय मी मागितली होती’ हे तुम्ही दाखवू शकता. वर चढणाऱ्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का तेही विचारा. वर्षाला वीस रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय 18 ते 70. नसेल तर त्याला बँकेत न्या आणि ते वीस रुपये तुम्ही भरा.

चढण्याआधी ढोलीत, बेचक्यात घरटी आहेत का ते खालून नीट बघून घ्या. रानपक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं हे 1972 च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मोडतं. अंडी दिसली तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, आणि तसं शेजाऱ्यांना सांगा.

त्यांच्या शेडवर पडलेले आंबे कायद्यानं तुमचेच, पण ते आणायला विचारल्याशिवाय आत जाता येणार नाही. अर्जाची प्रत द्यायला जाल तेव्हा त्याबद्दलही बोलून घ्या.