शाळेतल्या गणितावर पीएचडी करून प्राध्यापक होता येतं का? की सरळ शुद्ध गणितातच पीएचडी केलेली बरी?

होता येतं. मी बीएड कॉलेजात गणित अध्यापनच शिकवते. पण तुम्ही पुढे लिहिलंय ना, "शाळेच्या गणितात संशोधनासारखं काय असतं", ते वाचून राहवलं नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीचा पाचवीवर पाठ होता, मी मागे निरीक्षणाला बसलेले. एका पोराने फळ्यावर 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. हिने फुली मारली, समच्छेद करून 5/6 काढून दाखवलं आणि पुढे निघाली. पोरगा हटेना. म्हणाला, मॅडम, एका चाचणीत दोनपैकी एक मार्क पडला आणि दुसरीत तीनपैकी एक, तर पाचपैकी दोनच झाले ना? तिला काही सुचेना. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर गणितात गोल्ड मेडल मिळवलेले एक सर म्हणाले, बेसिक कच्चंय त्याचं, लसावि घोटून घ्या.

अहो, पोराचा मार्कांचा हिशोब बरोबरच आहे! फक्त तिथे पूर्ण एकदा दोन मार्कांचा आणि एकदा तीन मार्कांचा, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच धरावा लागतो. अर्धी भाकरी घेतली, वर त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा घेतला, तर मिळून अर्ध्याहून कमी कशी होईल? 2/5 तर अर्ध्याहून कमी आहे. हे त्या पोराच्या तोंडून काढून घेता येणं हे वेगळं ज्ञान आहे, ते गोल्ड मेडलबरोबर आपोआप येत नाही.

अमेरिकेतल्या गणित शिक्षणाच्या संशोधक डेबोरा बॉल प्राध्यापक झाल्यावरही तिसरीच्या वर्गाला गणित शिकवायच्या. 1990 मध्ये त्यांच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, 6 ही संख्या समही आहे आणि विषमही, कारण तिच्यात दोनाचे तीन गट आहेत आणि तीन विषम. त्यांनी त्याला गप्प केलं नाही, वर्गाला त्यावर बोलू दिलं, आणि त्या तासावर पुढे कितीतरी लिहिलं गेलं. पुढे त्या मिशिगन विद्यापीठात शिक्षण विभागाच्या डीन झाल्या.

तुमच्यासाठी एवढंच की गणितातली एमएस्सी सोडू नका, बीएड कॉलेजात शिकवायला विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एमएड दोन्ही लागतात. पीएचडीसाठी मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा, तिथे गणित शिक्षणावरही काम चालतं. हां, कायम जागा कमी आहेत आणि खासगी कॉलेजांत बरेच जण कंत्राटावर राबतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि त्याआधी वर्षभर तरी पाचवी-सहावीला शिकवा, कोणी कितीही हलकं काम म्हणो.