सिंधू निघून का गेली नाही

प्रिय चिनू,

परवा आपण 'एकच प्याला' नाटकाचा व्हिडिओ बघितला आणि तू झोपायला जाता जाता विचारलंस, की आई, सिंधू त्या दारुड्या नवऱ्याला सोडून का नाही जात, आणि मराठी माणसं तिला एवढं मोठं का मानतात, प्रेमामुळे मेली म्हणून? तेव्हा मला पटकन काही सुचलं नाही गं, पण आठवडाभर तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय.

तुला शाळेत शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आहे ना, त्यातला शेवट आठव. नवऱ्यानं, ऑथेल्लोनंच मारलेल्या डेस्डेमोनाचा जीव जातोय, तिची सोबतीण एमिलिया विचारते हे कोणी केलं, आणि ती म्हणते कोणी नाही, मीच. आता सिंधू बघ. नवऱ्यानं, सुधाकरनं दारूच्या नशेत काठी मारली, फौजदार येतो आणि ही मरता मरता सांगते की मी स्वतःच पडले. दोन देश, मधे तीनशे वर्षं, आणि दोघींच्या तोंडी शेवटी तेच खोटं! मला दर वेळी तिथे गलबलून येतं, आणि आता वय वाढल्यावर रागपण येतो.

आपल्याकडे ऑथेल्लो नवा नाहीये बरं का, नाटककार देवलांनी १८९० मध्ये त्याचं मराठीत 'झुंझारराव' केलं. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ चं, ते स्वतः त्याच वर्षी जानेवारीत गेले, रंगभूमीवर आलेलं त्यांनी बघितलंच नाही. बालगंधर्व सिंधू व्हायचे आणि अख्खं थिएटर रडायचं म्हणतात. त्या काळी बाईला नवरा सोडून जायला जागाच कुठे होती, कमाई नाही, माहेरी राहिली तर लोक बोलणार, त्यामुळे सोसणं हेच प्रेम असं सगळ्यांना वाटायचं, बायकांनासुद्धा. माहेरचे न्यायला येतात तेव्हा सिंधू 'कशि या त्यजू पदाला' म्हणते. लोकांची दळणं दळून पोराला जगवते पण माहेरचा पैसा घेत नाही. माझी आजी हे सांगताना पदरानं डोळे पुसायची, तिला सिंधूत स्वतःचं काहीतरी दिसत असणार.

पण प्रेमानं मारलं असं मला नाही वाटत. ऑथेल्लो शेवटी म्हणतो ना, मी प्रेम फार केलं पण शहाणपणानं नाही केलं, ते मला अजिबात पटत नाही. त्यानं बायकोपेक्षा हाताखालच्या कपटी इयागोवर विश्वास ठेवला, एका रुमालावरून तिला बेइमान मानलं. आणि सुधाकर, त्याची वकिलीची सनद काही दिवस काढून घेतली तर अपमान गिळता येईना, दारुड्या तळीरामानं पेला पुढे केला आणि यानं घेतला. हे प्रेम कुठेय, हा तर अहंकार आहे. प्रेम त्या दोघींचं होतं, आणि त्यांचं चुकलं असेल तर इतकंच की त्या प्रेमानं त्यांची तोंडं बंद केली.

त्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती एमिलिया. ती डेस्डेमोनाचं 'मीच' ऐकून गप्प बसत नाही, आपल्याच नवऱ्याचं, त्या इयागोचं पितळ सगळ्यांसमोर उघडं पाडते आणि त्यासाठी जीव देते. वर्गात तिच्यावर कोणी फार बोलत नाही म्हणालीस ना, तू बोल. आणि रविवारी फोन कर, सिंधूचा तो शेवटचा प्रवेश परत लावूया, या वेळी मधे थांबवून थांबवून बघू.

तुझी आई