व्हायरल लोड सापडत नाही, मग ही तपासणी कशाला?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३९. बार्शीजवळच्या खेड्यात राहते, शिवणकाम करते. मालक २०१० ला गेले. त्यांच्या आजारपणात माझीही एचआयव्हीची टेस्ट झाली, ती पॉझिटिव्ह आली. तेव्हा सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १६० होता. तेव्हापासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध चालू आहे, गोळी कधी चुकवली नाही. दोन वर्षं व्हायरल लोड ‘सापडत नाही’ असाच येतोय. आता एआरटी सेंटरवरच्या ताई म्हणतात, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. मला पांढरं जात नाही, पाळी वेळेवर येते, नवरा नाही. मग कशाला? तरी एका खासगी दवाखान्यात गेले. आजार सांगितला तर म्हणाले, आमच्याकडे सोय नाही. माझ्या आधीच्या बाईची तीच तपासणी मी पडद्याबाहेर बसून ऐकली होती. जावेची पिशवी पांढरं जातं म्हणून तिशीतच काढली. माझीही काढतील का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमची पिशवी कोणी काढणार नाही. भीती घालवायची म्हणून म्हणत नाही, या तपासणीचा हेतूच तो आहे. वेळेत कळलं तर पिशवीला हात लावावा लागत नाही.

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीचा हिशेब. तो तुम्ही चोख ठेवलाय. पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही या निराळ्याच विषाणूमुळे. एआरटीची गोळी त्याला मारत नाही. तो संबंधातून येतो, हे खरं. मात्र एकदा आला की काही बायकांत वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. मालक जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून तो नसेलच असं नाही. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला लगेच कळेल : कपाटाला आज कुलूप लावलं म्हणून आधीच आत शिरलेली कसर थांबते का? एरवी बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खचलेली असेल, तर पाच-दहा वर्षांतही होऊ शकतो. तुमचा सीडी-४ एकदा १६० पर्यंत उतरला होता, म्हणून सेंटरवरच्या ताई मागे लागल्यात. एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका इतरांच्या सहापट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच तिची तपासणी तिशीची वाट न पाहता पंचविशीपासून सुरू करावी आणि दर ३ ते ५ वर्षांनी करावी, असा सल्ला आहे. आणि पांढरं जाण्याची वाट बघू नका. सुरुवातीला हा आजार काहीच सांगत नाही.

गंमत म्हणजे तुमच्या बार्शीचं नाव जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे ते याच तपासणीमुळे. १९९९ च्या सुमारास तिथल्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी टाटा हॉस्पिटलच्या साथीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव जाऊन काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. निकाल २००९ ला छापून आला. आठ वर्षांत या कॅन्सरनं एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ बायका गेल्या, तपासणीच न झालेल्या जवळजवळ तेवढ्याच गटात ६४. चाचणी झाली होती ती फक्त एकदा! त्या दुसऱ्या गटातल्या बायकांबद्दल माझ्या मनात अजून खुटखुट आहे, पण तो वेगळा विषय. तुमच्या माहेरची कोणी त्या गावांतली असेल तर विचारून बघा, आठवत असेल.

तपासणीला वेळ किती? साडीचा फॉल लावायला लागतो त्याहून कमी. एचपीव्हीची सोय असेल तिथे बारीक ब्रशनं नमुना घेतात, दुखत नाही. नसेल तिथे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. व्हिनेगरसारखा वास येतो, थोडं चुरचुरतं. बिघडलेली जागा तेवढी पांढरी पडते. ती लहान असली तर तिथल्या तिथे शेक देऊन जाळतात, भूलही लागत नाही आणि त्याच दिवशी बाई एसटीनं घरी जाते. वर्षानं पुन्हा दाखवायचं, हे मात्र चुकवू नका.

त्या दवाखान्याबद्दल. आजारावरून उपचार नाकारणं बेकायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तो खासगी दवाखान्यालाही लागू होतो. तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कोणी उघडही करू शकत नाही. पण भांडायला बळ नसेल तर आधी सेंटरमधूनच सिव्हिलची चिठ्ठी घ्या. तपासणीआधी भांडण मिटलंच पाहिजे असं नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला आजार सांगा, कारण पुढची तारीख त्यावर ठरते.

आणि जाऊबाई. नुसत्या पांढऱ्या जाण्यावर तिशीत पिशवी काढणं चूक, हे मी वीस वर्षं ओरडून सांगतेय. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा कुठे लोकांनी ऐकलं. बऱ्याचदा तो साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. त्यांचे ऑपरेशनचे कागद शोधून ठेवा. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं होतं का, ते त्यात लिहिलेलं असेल. राहिलं असेल तर त्यांनाही तुमच्यासोबत घेऊन जा. पाळी संपून चार दिवस झाले की निघा.